आबांचे स्पीकर

हंगाम सुरू झाला की सांगलीतल्या आमच्या घरासमोरून ऊस जातो, आणि उसाच्या आधी त्याचं गाणं येतं. ट्रॅक्टर अजून वळणावरच असतो, तोवर इकडे खिडकीच्या काचा थरथरायला लागतात. मग दोन ट्रॉल्या ओढत, डुलत डुलत तो समोर येतो. ड्रायव्हर एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं ताल देत असतो आणि त्याच्या सीटमागं त्याच्याहून ऐसपैस बसलेली दोन खोकी. आमचे हे उठून खिडकी लावतात. मी उठून उघडते. "डावा स्पीकर फाटलाय बघा त्याचा," मी म्हणते. हे कपाळाला हात लावतात. "बाई गं, उसाच्या ट्रॅक्टरमध्येही तुला खोट दिसते?"

दिसते खरी. पोरीला स्पीकरपुढं बसवून "ऐक, आन् काय कमी हाय ते सांग" म्हणणारा बाप मिळाला, त्याला मी तरी काय करणार? बाकीच्या पोरींना पाढे विचारायचे, मला ट्रेबल विचारायचे.

माझ्या स्वतःच्या संसारात किती खोकी आली आणि गेली, त्याची उजळणी आमचे हे पाहुण्यांपुढं फार रंगवून करतात. पहिले लाकडी, मग ते काळे प्लॅस्टिकचे, मग पलंगाखाली लपवावा लागणारा वूफर, मग हे आताचे, कमरेएवढे उंच. मधे एक चिमुकला बिनतारी डबाही आला, तो मी आठवड्यात भाचीला देऊन टाकला. "हिला गाणी आवडत नाहीत हो, हिला खोकी आवडतात," असं हे म्हणतात आणि सगळे हसतात. मीही हसते. आबांनाही गाव असंच हसायचं. हवालदार लई हौशी, दर वर्षाला नवं खोकं. मलाही तेव्हा ती हौसच वाटायची. खरं कारण कळायला आम्हाला फार उशीर झाला. आबांना नीट ऐकू येत नव्हतं. एवढंच होतं ते. स्पीकर सगळे चांगले होते.

आबा तोफखान्यात हवालदार होते. नव्वद सालानंतर लगेचच पेन्शनीत आले आणि त्याच हंगामापासून साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला लागले. रहिमतपूरजवळचं आमचं गाव, आणि गावाच्या उशाला कारखान्याचं धुराडं. दिवाळी झाली की पहिला भोंगा व्हायचा आणि मग शिमग्यापर्यंत आमचं सगळं त्या भोंग्यावर चालायचं. वाळत घातलेल्या धुण्यावर धुराड्यातून उडालेली काळी कुसं येऊन पडायची, आई ती फुंकून काढायची, कारण हात लावला की काळा फराटा उठायचा. मळीचा आंबूस वास घरात, अंथरुणात, वेणीत. शाळेतून येताना आम्ही ट्रॉलीमागं पळून ऊस ओढायचो, आणि गेटवर आबा उभे दिसले की ऊस पाठीमागं लपवून सरळ चालायचो. त्यांना दिसायचं सगळं. मिशीत हसायचे आणि तोंड फिरवायचे.

आई गायची. हे मी आधी सांगायला हवं होतं. विहारात पौर्णिमेला बायका जमल्या की पहिला सूर आईचा, मग बाकीच्या. जयंतीच्या मिरवणुकीत तर तिला पाणी प्यायलाही फुरसत द्यायच्या नाहीत. बारीक, उंच, कापरा न होणारा आवाज. घरातही गायची, पण घरात तिला ते गाणं वाटतच नसावं. भाकरी थापताना, शेण लावताना, माझी वेणी घालताना ते तिच्या तोंडात असायचं. मी अंथरुणात पडल्या पडल्या त्यावरून ओळखायची की चूल पेटली.

आबा नोकरीत असताना आईला लिहिता येत नव्हतं, आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यायची तिला लाज वाटायची. मग आबांच्या युनिटमधले शिराळ्याचे एक मामा होते, त्यांनी रस्ता दाखवला. सुट्टीवर आले की ते कोरी कॅसेट घेऊन आमच्याकडं यायचे आणि स्वतःचा टेप आईपुढं ठेवायचे. "बोला वयनी, काय बोलायचं ते. मी भाईर बसतो." आई दार लावून घ्यायची. आधी टेपशी बोलायलाच तयार नसायची, पदर चावत बसायची. मग एकदम, "आमी हितं समदी बरी हाय. म्हस व्याली. संगी पास झाली. तुमी जिवाला जपा," एवढं घाईघाईनं म्हणून टाकायची. आणि उरलेल्या सगळ्या कॅसेटभर गायची. मामा रहिमतपूरला गाडी धरायचे आणि आईचा आवाज कुठल्या कुठं बर्फात जायचा. आबा सांगायचे, तिकडं सगळी पोरं ती कॅसेट ऐकायची. एका बंगाली पोराला तर पाळणा पाठ झाला होता, अर्थ एका अक्षराचा कळत नसताना.

तर घरी आल्यावर आबांनी पहिलं काम काय केलं असेल, तर ट्रंकेतून ती कॅसेट काढली. सगळ्यात शेवटी भरलेली. आमच्याकडं एक छोटा टेप होता, त्यावर लावली. ऐकली. टेप हलवला, आपटला. "हेचा आवाज बसलाय," म्हणाले.

तेव्हा गावात माठाची चाल होती. नुसता स्पीकर विकत आणायचा, टेपची वायर त्याला जोडायची आणि तो पाण्याच्या माठाच्या तोंडावर पालथा घालायचा. आवाज माठात घुमून बाहेर यायचा आणि गरिबाघरी लग्नातल्या बँडचा थाट व्हायचा. आबांनी रहिमतपूरच्या बाजारातून स्पीकर आणला, आईचा पाण्याचा माठ रिकामा केला. आई भांडली. "आवं, उन्हाळ्यात काय गाणं पिणार हाय का?" आम्ही हसून हसून बेजार. मग तिचीच कॅसेट लागली. आबा माठाला कान लावून मांडी घालून बसले. बराच वेळ बसले. "घुमतंय नुस्तं," शेवटी म्हणाले. "शब्द लागत न्हाईत." आई तेव्हा हसली होती. "माठात तोंड घालून कुणीबी गायलं तर असंच," म्हणाली.

मग सुताराकडून प्लायवूडची खोकी झाली. आत कापूस भरायचा असतो हे आबांना कुणीतरी सांगितलं, म्हणून आमची एक उशी गेली. मग खोक्यांना बारीक आवाजाचा वेगळा छोटा स्पीकर बसवला. ट्विटर हा शब्द मी आणि आबा दोघंही पहिल्यांदा बोललो. सुतारानं भोकं पाडली, वायरी मी पिळल्या, कथलाचे डाग आबांनी लावले. जळत्या राळेचा तो वास अजून कुठं आला की मी क्षणभर थांबते. किती मजा यायची, खोटं कशाला बोलू. मला वाटायचं, बाप आणि मी मिळून काहीतरी मोठं बनवतोय. प्रत्येक वेळी शेवटी तीच कॅसेट लागायची, आबा कान लावायचे, आणि त्यांच्या तोंडावरचं सगळं ऊन उतरायचं.

कुणाला कळलं कसं नाही, असं आज कुणीही विचारेल. आम्हीही तेच विचारतो. पण आबा बहिरे वाटायचेच नाहीत हो! गेटवर ड्रायव्हरांशी, पारावर म्हाताऱ्यांशी, सुताराशी, सगळ्यांशी तासन्‌तास गप्पा. भोंगा ऐकू यायचा, ढोल ऐकू यायचा, म्हशीचं रेकणं ऐकू यायचं. आई काही बोलली आणि उत्तर आलं नाही, तर ती म्हणायची, लष्करातून आलेला माणूस असाच असतो, विचारात असतो. मी हाक मारली आणि त्यांनी वळून पाहिलं नाही, तर मी जवळ जाऊन हात ओढायची. सवय होते. घरातल्या माणसाच्या उणिवेभोवती आपण असं वळण घेऊन चालायला लागतो की ती उणीव आहे हेच विसरून जातो.

आणि मग तो हंगाम आला, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

त्या वर्षी कारखान्यातल्या एका फिटरनं आबांच्या कानात भरवून दिलं की सांगलीला एका दुकानात डेक असेंबल करून मिळतो, खोक्यांत तीन-तीन स्पीकर, आणि बोललेलं अक्षर न्‌ अक्षर सुटं ऐकू येतं. अक्षर न्‌ अक्षर! आबांचा चेहरा मला दिसतोय अजून. पुढच्या सुट्टीला सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही दोघं सांगलीला गेलो. मी पहिल्यांदाच सांगली पाहत होते. इथंच आपला जन्म जायचा आहे हे मला काय माहीत. दुकानदारानं एकेक कॅसेट लावून दाखवली. आबा त्याला म्हणाले, "बाईमानसाचं गाणं लावा." त्यानं लावलं. "आनी बारीक करा. बारीक आवाज वाढवा." त्यानं ट्रेबलचं बटण फिरवलं, आणखी फिरवलं. माझ्या दातांतून कळ गेली. दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. आबा मात्र डोळे मिटून मान हलवत होते. "हां. आता कसं. आता येतंय."

परत येताना ती खोकी लष्करी कांबळ्यात गुंडाळून आबांनी पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसवली आणि स्वतः सगळी वाट उभे राहिले. कुणी सरका म्हणालं तर, "काच हाय आत, काच," म्हणायचे. आत कसली काच? पण त्यांच्या जिवाला तसंच होतं.

संध्याकाळी घर भरलं. सुतार आला, फिटर आला, विहारातल्या दोघी-तिघी आल्या, पोरं तर खिडकीला लोंबकळत होती. आधी सिनेमाची गाणी झाली. "लय भारी, हवालदार! एक नंबर!" सुतार स्वतःच्या खोक्यांची बेइज्जती विसरून मांडीवर थाप मारत होता. आबा हात वर करून म्हणाले, "थांबा गड्यांनो. खरी परीक्षा आता हाय." आणि त्यांनी खिशातून कॅसेट काढली. खिशातून. दिवसभर ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती, सांगलीलाही. दुकानात काढायचा धीर झाला नसावा.

आई चहाचं ताट घेऊन दारात आली होती. तिचाच आवाज खोलीत घुमायला लागला तशी ती तिथंच थबकली, लाजली, ताट हातातच. विहारातल्या बायका तिच्याकडं बघून हसल्या. फार सुंदर वाजत होतं ते. मी शपथेवर सांगते, आईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, मागं कुठंतरी कोंबडी आणि माझा खोकला. आबांनी ट्रेबल पूर्ण फिरवलं. आवाज वाढवला. एका खोक्याला कान लावला, मग उठून दुसऱ्याला. आबांनी मान हलवली.

"न्हाई," ते म्हणाले. "हेच्यात काय दम न्हाई. भंगार हाय."

आणि खटकन बटण दाबून कॅसेट काढली.

सुतार म्हणाला, "चांगलं तर वाजतंय की, हवालदार." आबा म्हणाले, "तुला न्हाई कळायचं." आईनं सगळ्यांना चहा दिला. एकेकाला, नीट, साखर कमी-जास्त विचारून. मी तिच्या तोंडाकडं पाहिलंच नाही, माझं सगळं लक्ष त्या खोक्यांच्या दिव्यांकडं होतं.

त्या पौर्णिमेला विहारात बायकांनी आईकडं पाहिलं, तर ती म्हणाली, घसा धरलाय. कारखान्याच्या काजळीनं कुणाचाही घसा धरायचा, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. पुढच्या पौर्णिमेलाही घसाच होता. मग दुसरीच एक बाई पहिला सूर लावायला लागली. घरातलं गाणं कधी थांबलं हे मला सांगताच येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की चूल पेटल्याचं मला आता धुरानं कळतंय. पण घरात तर दिवसभर डेक वाजत होता. त्या गोंधळात कोण गप्प आहे हे कुणाला कळणार? आबा घरी असले की ट्रेबल फुल. आईचं डोकं उठायचं, ती गोठ्यात जाऊन बसायची. आबांना वाटायचं, हिला आपली हौस आवडत नाही. तिला वाटायचं, ह्यांना आता आपण आवडत नाही. दोघंही एकमेकांना काही विचारणाऱ्यांतली नव्हती. असा संसार चालला, आणि बरा चालला, लोक नाव घ्यायचे.

वाईट वाटतं. दुसरा शब्द नाही मला. इतकी वर्षं, इतकी धडपड, त्या सगळ्या वायरी आणि ते डाग, तो एक आवाज ऐकायला. आणि तो आवाज त्याच घरात, भिंतीपलीकडं, भाकरी थापत होता.

पुढं माझं लग्न सांगलीत झालं. एव्हाना गावात किराणा दुकानात फोन आला होता. मी फोन केला की दुकानाचा पोरगा बोलवायला जायचा, आबा धावत यायचे, आणि मी चार शब्द बोलले की म्हणायचे, "बरं बरं, जावईबापूंना दे." ह्यांच्याशी मात्र ऊस, पाऊस, राजकारण, सगळं. मी रडायची. लेक परकी झाली म्हणून एवढी? शेवटी एक दिवस ह्यांनीच फोन ठेवून विचारलं, "संगीता, आबांना तुझा आवाज ऐकू येतो का गं?" मग माझ्यापुढं सगळं उलगडत गेलं, माठापासून.

मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. आबा वाटेत चिडले होते, मेडिकल कायम पास झालेला माणूस मी, म्हणत होते. डॉक्टर भले होते. त्यांनी कानाला हेडफोन लावून तपासलं आणि सांगितलं, की तोफांजवळ राहिलेल्यांचं असं होतं, जाड आवाज राहतात, बारीक आवाज आधी जातात. "म्हणजे पुरुषांचं बोलणं कळतं. बायकांचं, लहान मुलांचं गळून जातं. कधीपासून आहे?" आबा जमिनीकडं बघत होते. "नोकरीत असतानाच जरा जरा," म्हणाले. "पर सांगितलं असतं, तर तोफंवरनं काढून स्टोअरला बसवलं असतं." आणि मग, अगदी हळू: "मला वाटलं, कानाचं थोडंच गेलंय. बाकीचं खोक्याचं हाय."

कानात घालायचं यंत्र मिळालं. त्यांना घेऊन मी गावी गेले. हंगाम भरात होता. अंगणात पाय टाकल्यापासून आबा लहान मुलासारखे इकडं तिकडं बघत होते. उसाचं वाळलं पाचट वाजलं, बघायला गेले. चिमण्या ओरडल्या, थांबले. बांगड्या वाजल्या, आईच्या हाताकडं बघितलं. "लय गलका हाय गं जगात," मला म्हणाले, आणि डोळे पुसले. जेवले, पानावरून उठले, सोप्यात बसले. डेक समोरच होता, त्यांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. त्यांचं सगळं ध्यान आत होतं, चुलीकडं. आई भाकरी थापत होती. थापटण्याचा आवाज येत होता आणि बाकी काही नाही. ते वाट बघत होते हे मला कळत होतं.

"तुझी आई आता गात न्हाई व्हय गं?" त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली.

"कवापासनं?"

आई पिठाचे हात घेऊन दारात आली. "तुमी सांगलीवरनं खोकी आणली ना," ती म्हणाली, "आन् चार मानसांत माझी कॅसेट लावून भंगार हाय म्हनालासा. तवापासनं."

आबांना समजायला वेळ लागला. "अगं, मी खोक्याला म्हनालो हुतो," ते म्हणाले. "तुला कवा म्हनीन मी? त्या खोक्याला म्हनालो गं."

"खोक्याला काय ऐकू येतंय व्हय?" आई म्हणाली. "ऐकत तर मी हुते."

आणि ती आत गेली. आबा यंत्रावर हात ठेवून तसेच बसून राहिले. आत थापटणं पुन्हा सुरू झालं, आणि थांबलं. मग आई रडली. तोंडात पदर कोंबून, बाहेर जाऊ नये म्हणून, फार बारीक. पूर्वीसारखं असतं तर त्यांना ते कळलंही नसतं. इतक्या वर्षांनी तिचा आवाज त्यांना स्वच्छ ऐकू आला, तो असा.